भिजलेल्या उशीसारखा बर्गर

वर्तमानपत्राच्या कचेरीत त्याला सगळे ‘अनुस्वार’ म्हणायचे. एकवीस वर्षं तो मुद्रितं तपासत होता आणि कुठल्या अक्षरावरचं टिंब गळलेलं दिसलं तर त्याला घास गोड लागायचा नाही. स्वतःची म्हणून एक ओळ त्याने कधी लिहिली नव्हती.

त्यामुळे रविवारच्या पुरवणीच्या बाईंनी एकदा त्याला हाक मारली तेव्हा त्याला वाटलं, काहीतरी चूक सुटली. बाई म्हणाल्या, “खाण्यावर लिहिणारे आजारी पडलेत. अर्धं पान रिकामं आहे. तुम्ही लिहा. तीन बर्गर खायचे. एक मोठ्या कंपनीच्या दुकानातला, एक रस्त्यावरचा, एक घरचा. दहापैकी गुण द्या. आणि जरा खुसखुशीत होऊ द्या हं.”

अनुस्वाराच्या अंगावर मूठभर मांस चढलं.

कंपनीच्या दुकानात सगळं चकचकीत होतं. बर्गर डब्यातून आला, कंपासने काढल्यासारखा गोल. पहिला घास आणि शेवटचा घास, चवीत तसूभर फरक नाही. त्याने सात गुण दिले.

रस्त्यावरचा बर्गर कचेरीसमोरच्या मावशीच्या गाडीवर खाल्ला. मावशी साठीची, बोलायला मोकळी. “ये रे, सकाळपासून पोटात काही आहे का?” असं विचारून ती तवा तापवायची. तिच्या पॅटीत कांदा दाताखाली कुरकुरायचा, मिरी हळूच नाकाला झोंबायची. पण त्या दिवशी पाव ओलसर निघाला, खालून पार लगदा झाला. आणि खाता खाताच अनुस्वाराला ते वाक्य सुचलं: ‘हा बर्गर म्हणजे भिजलेली उशी; खावी की पिळून वाळत घालावी?’ वाक्य इतकं झकास जमलं होतं, की कांदा आणि मिरी त्याच्या डोक्यातून उडूनच गेली. गुण, तीन.

घरचा बर्गर बायकोने शनिवारी केला. पाव खालून काळा झाला होता आणि पॅटी ताटलीत सांडली. त्याने नऊ गुण दिले आणि मायेच्या चवीबद्दल चार ओळी लिहिल्या.

रविवारी लेख छापून आला, गाडीसमोर हसत उभ्या असलेल्या मावशीच्या मोठ्या फोटोसकट. सोमवारी कचेरीत जो तो ‘भिजलेली उशी’ म्हणून त्याच्या पाठीवर थाप मारत होता. दुपारी तो जीव मुठीत धरून गाडीवर गेला.

मावशीने ते पान प्लास्टिकमध्ये घालून गाडीच्या दर्शनी बाजूला टांगलं होतं.

“बघितलास माझा फोटो? जन्मात पहिल्यांदा पेपरात आले! तू लिहिलंस म्हणे. वाचून दाखव ना. मला अक्षर कुठे येतंय? आकडे तेवढे कळतात.”

गुण त्याने अक्षरांत लिहिले होते, नाहीतर तिला तो तीन दिसलाच असता. अनुस्वाराने घसा खाकरला आणि समोरच्या कागदाकडे बघत, कागदावर नसलेलं वाचलं. कांद्याबद्दल वाचलं, मिरीबद्दल वाचलं. मावशीचे हात तेलकट होते म्हणून तिने कोपराने डोळे पुसले.

“मार्कही दिलेस म्हणे, मला आणि त्या कंपनीला. मला किती?”

“आठ.”

“आणि त्या कंपनीवाल्यांना?”

“सात.”

मावशी इतकी हसली, की शेजारचा फळवाला वळून बघायला लागला. त्या दिवशी तिने त्याला चीजचा एक जास्तीचा काप घातला. तो त्याने तिची नजर चुकवून कागदात गुंडाळला.

पुढचे पंधरा दिवस लोक थांबायचे, पान वाचायचे, ओठ दाबून हसायचे आणि काही तसेच पुढे जायचे. “फोटोच हसरा आलाय ना, बघणाराही हसतो,” मावशी म्हणायची.

शेवटी त्याने घरी सगळं सांगितलं. बायकोने हातातलं काम थांबवलं.

“माझ्या पावाचा कोळसा झाला होता. ते लिहिलंस?”

“तुझं कसं लिहिणार?”

“म्हणजे गप्प बसता येतं तुला. मग तिच्याच वेळी खरं बोलायची एवढी हौस का आली?”

बायकोने काम परत हातात घेतलं. “उद्या जा आणि सांगून टाक,” ती म्हणाली.

तीन दिवस तो गाडीपर्यंत गेला आणि बर्गर खाऊन परत आला. चौथ्या दिवशी पान जागेवर नव्हतं.

“या,” मावशी म्हणाली. आजवर तिने त्याला कधी अहोजाहो केलं नव्हतं. “काल भाची आली होती. तिने वाचलं. तुम्ही वाचलंत ते त्यात कुठेच नव्हतं.”

तिने घडी घातलेलं पान त्याच्यासमोर ठेवलं. “आता वाचा. छापलंय तेच.”

त्याने वाचलं. उशीपाशी आवाज फाटला, तरी वाचलं. मावशी पॅटी उलटत होती.

“पाव ओला होता खरा. पावाच्या डब्यात खाली ओलं फडकं राहिलं होतं. तिथेच तोंडावर सांगितलं असतंत तर दुसरा भाजून दिला असता.” तिने उलथनं खाली ठेवलं. “लिहिलंत त्याचं एवढं नाही वाटत. पण रोज सकाळी मी तो फोटो पुसत होते. येणाऱ्याजाणाऱ्याला बोलावून दाखवत होते. आणि तुम्ही इथे उभे राहून खात होतात.”

“माझं चुकलं, मावशी.”

“बाजूला व्हा जरा, मागे गिऱ्हाईक आहे.”

त्याने पुरवणीच्या बाईंना दुरुस्ती छापायची विनंती केली. “पाव ओला होता ना? मग दुरुस्ती कसली करायची?” त्या म्हणाल्या आणि त्याला दर रविवारचं सदर देऊ केलं. त्याने हात जोडून नको म्हटलं.

मावशी आता गिऱ्हाइकासमोर तव्यावर पाव भाजून देते. गर्दी वाढली आहे. त्यात अनुस्वाराचा काडीचा वाटा नाही, हे त्याला चांगलं ठाऊक आहे. परवा तो बायकोला घेऊन गेला. दोन घास खाऊन बायको म्हणाली, “कंपनीपेक्षा चांगला आहे. आणि माझ्यापेक्षा तर कितीतरी.”

मावशीने त्याच्याकडे बघितलं.

“मावशी,” तो म्हणाला, “आज मिरी थोडी जास्त झालीय.”

मावशीने तव्यावरचा एक तुकडा मोडून तोंडात टाकला, सावकाश चावला.

“झालीय खरी,” ती म्हणाली आणि पुढची पॅटी थापायला लागली.

तो मान खाली घालून खात राहिला.