सोमवारचे मुटके

मामी यंदा होळीच्या आठवड्यात, बुधवारी पहाटे, शहापूरच्या एका रुग्णालयात वारली. आजार यकृताचा होता आणि तो कळला तेव्हा फार काही करण्यासारखं उरलं नव्हतं. नात्यात ती दोन गोष्टींसाठी ओळखली जायची. तिच्यासारखी कोंबडी कुणाला भाजता येत नसे, आणि भाजलेली कोंबडी ती कधीही पूर्ण वाढत नसे.

तिचं घर शेणव्याला, माहेर मुरबाडकडचं. महिन्यातल्या एका रविवारी सगळे तिच्याकडे जमत. वाशिंदहून मोठे मामा आणि मोठी मामी येत, आम्ही भाचरं येत असू. मामी गावठी कोंबड्यांना मीठ, हळद आणि लसूण-मिरचीचं वाटण चोळून, पळसाच्या पानांत गुंडाळून अंगणातल्या निखाऱ्यांवर ठेवायची. पानं करपून आतलं कातडं तांबूस झालं की ओटीवर पंगत बसे. तंगड्या आणि छातीचं मांस वाढलं जाई. पाठ, मान आणि पंख मात्र झाकण घातलेल्या टोपातून आतल्या खोलीत जात. मागितले तरी मिळत नसत.

यावरून मोठी मामी तिला टोचायची. "हिची कोंबडी बिनपंखाचीच जन्माला येते गो," असं ती भर पंगतीत म्हणे. मामी वाढता वाढता उत्तर द्यायची, "पंख असते तर माज्या हाती लागली असती का?" लोक हसत आणि विषय तिथेच संपे. पण मोठ्या मामीचं हसणं पूर्ण नसे. धाकटी जाऊ चिकट आहे आणि पाहुणे गेल्यावर एकटीच चांगलंचुंगलं खाते, असं तिचं मत होतं. वाशिंदच्या इमारतीत ते बऱ्याच जणींना माहीत होतं.

माझी साप्ताहिक सुट्टी सोमवारची आणि पंगतीच्या रविवारी मी रजा घेई, त्यामुळे मी पुष्कळदा मुक्कामाला राही. सोमवारी सकाळी तो टोप बाहेर निघायचा. पाठीची आणि मानेची हाडं मामी वरवंट्याने ठेचायची, कांदा आणि मिरी घालून मंद आचेवर ठेवायची. मिरची नाही, मसाला नाही. निखाऱ्याचा धुरकट वास पाण्यात पुरता उतरला की ते गाळायचं. त्यातलंच पळीभर उकळतं पाणी तांदळाच्या पिठावर ओतून ती पीठ मळायची आणि मुठीत दाबून त्याचे मुटके करायची. प्रत्येक मुटक्यावर तिच्या चार बोटांचे खळगे असत. ते परत त्याच पाण्यात सोडायचे. पाणी दाट व्हायचं, पंखांचं सुटलेलं मांस वरून घालायचं, झालं.

हे तिने सासूसाठी सुरू केलं होतं. माझ्या आजीचे दात गेले होते. रविवारी सगळे कोंबडी खात आणि आजी वरणभात खाई. "दात नाय म्हणून माणसाला नुसता वास द्यायचा का?" असं मामी म्हणायची. आजी गेल्यावरही टोप आत जाणं थांबलं नाही, कारण तोपर्यंत मामाला सोमवारची चटक लागली होती.

मामा आटगाव स्टेशन ते शेणवा अशी प्रवाशांची जीप चालवायचा. बोलका माणूस. जीपमध्ये चढलेला माणूस उतरेपर्यंत त्याच्या घरातली लग्नं, आजारपणं आणि भांडणं मामाला कळलेली असत. सोमवारी तो पहिली फेरी मारून घरी येई, भरलेली वाटी घेऊन चुलीपाशी बसे आणि सकाळच्या प्रवाशांच्या नकला करत मुटके खाई. मामी हसत नसे. "खा आधी, गार होतंय," एवढंच म्हणे, आणि तो उठला की एकटीच हसायची.

त्याच्या गालफडात तंबाखूची गोळी कायम असे. चार वर्षांपूर्वी तिथे जखम झाली आणि ती भरली नाही. मुंबईला ऑपरेशन झालं, जबड्याचा एक भाग काढावा लागला, नंतर किरणांचे शेक दिले. घरी आला तेव्हा तोंड दोन बोटंही उघडत नव्हतं. बोलणं फक्त मामीला समजे. जीप विकली. रुग्णालयातून पाण्यात कालवायच्या पावडरीचा डबा दिला होता. तो मामा निमूट घेई.

रविवारी लोक येतच राहिले. मामा मात्र पंगतीत बसेना. खाताना ओठाच्या कोपऱ्यातून ओघळ येई, तो कुणी पाहू नये म्हणून पेला घेऊन मागच्या पडवीत जाई. मामीला दुसरं काही नको होतं. तो बरा होणार नाही, हे तिला डॉक्टरांनी सांगितलं होतं. त्याने पुन्हा घरच्यांबरोबर पंगतीत बसून घरची कोंबडी खावी, एवढंच तिला हवं होतं. ती पंगतीच्या प्रत्येक रविवारी त्याचा पाट मांडायची. तो रिकामा राहायचा.

सोमवारी ती त्याला भरवायची. आधी मुटके सुपारीएवढे झाले. शेवटच्या पावसाळ्यात वाटाण्याएवढे. दिवाळीच्या सुमारास ती पीठ हाताने दाबेनाशी झाली, चाळणीतून पाण्यात पाडायची, साबुदाण्यासारखे दाणे पडत. थंडीत तेही घशाखाली उतरेनात. मग नुसतं पीठ लावलेलं पाणी. मी विचारलं, याला अजून मुटकेच म्हणायचं का. ती म्हणाली, "त्यांना इचारू नको. मुटके खाल्ले असंच सांगतात ते."

त्या थंडीतल्या एका रविवारी मोठी मामी ओटीवरून आत बघत म्हणाली, की घरात माणूस आजारी आहे तरी हिचा टोप आत जायचा थांबला नाही. कुणी हसलं नाही. मामी वाढत राहिली. थोड्या वेळाने मामा पडवीतून आला. ओटीच्या दारात उभा राहून काहीतरी बोलला. कुणाला कळलं नाही. त्याने पुन्हा तेच म्हटलं. मोठ्या मामीने मामीकडे पाहिलं.

"काय म्हणतोय गो?"

मामी म्हणाली, "'टोप माज्यासाठी ठेवते ती,' म्हणतात."

मोठी मामी बाजूला सरकली. मामा तिच्या शेजारच्या रिकाम्या पाटावर बसला. मामीने हातातलं भांडं खाली ठेवलं, आत जाऊन टोप चुलीवर चढवला आणि हाडं ठेचू लागली. मोठ्या मामांनी पुढचा घास घेतला नाही, म्हणून कुणीच घेतला नाही. पाणी उकळून हाडांचा अर्क उतरेपर्यंत पंगत तशीच बसून होती. उष्टे हात वाळले. मोठे मामा विकलेल्या जीपबद्दल काही विचारत राहिले, मामा मानेने हो-नाही सांगत राहिला. शेवटी वाटी आली. मामाने अर्धी वाटी घेतली. ओघळ आला तेव्हा मोठ्या मामीने आपल्या पदराने पुसला आणि मामीला म्हणाली, "मला पण दे जरा."

मामा माघ महिन्यात गेला. त्यानंतर रविवारची पंगत वाशिंदला, मोठ्या मामीच्या फ्लॅटमध्ये बसू लागली. मामी आटगावहून गाडीने जायची आणि संध्याकाळी परतायची. राहा म्हटलं तरी राहत नसे. शेणव्याला अंगणात कोंबडी पुन्हा भाजली गेली नाही.

पुढच्या हिवाळ्यात मामीचे डोळे पिवळे दिसू लागले. रुग्णालयात ठेवल्यावर तिचं जेवण तुटलं. तिला आवडेल ते द्या, असं डॉक्टरांनी सांगितलं. तिला काहीच आवडेना.

शेवटच्या सोमवारी दुपारी मोठी मामी वाशिंदहून स्टीलचा डबा घेऊन आली. आदल्या दिवशी दुकानातून भाजलेली कोंबडी आणली होती आणि त्यातली हाडं काढून ठेवली होती, असं तिने मला दारातच सांगितलं. डबा उघडला तेव्हा मुटके एकसारखे नव्हते, काही फुटले होते. मामीने एक तोंडात घेतला आणि बराच वेळ चावला.

"पीठ जाड दळलंय गो."

"चक्कीवाल्याला सांगते. तू खा."

मामीने आणखी अर्धा घेतला आणि चमचा बाजूला केला. मग विचारलं, "तू जेवलीस?"

मोठी मामी सकाळपासून उपाशी होती. ती म्हणाली, घरी जाऊन जेवेन.

"घरी कशाला? हेच खा. माज्यासमोर खा."

मोठ्या मामीने डबा हातात घेतला आणि खाटेशेजारी उभ्यानेच राहिलेले मुटके खाल्ले. गार झालेलं पाणीही प्यायली. डबा रिकामा होईपर्यंत मामी तिच्याकडे पाहत होती.

त्यानंतर मामीने काही खाल्लं नाही.