दारावरच्या नऊ रेघा

आमच्या आत्याला फार्मवर सगळे घड्याळबाई म्हणतात. तोंडावर नव्हे, पण तिला ऐकू जाईल एवढ्या अंतरावरून, मुद्दाम. तिचं काम घोड्यांच्या बाळंतपणाचं. घोडी व्याली की ही पेंढ्यात बसून घड्याळ बघत राहते. शिंगरू किती मिनिटांत उभं राहिलं, किती मिनिटांत प्यायला लागलं, ते चाऱ्याच्या खोलीच्या दारावर आतल्या बाजूनं पेन्सिलीनं लिहायचं, शेजारी आईबापांची नावं. तासाभरात उभं राहणारं शिंगरू तिच्या लेखी हुशार, दोन तास लावणारं आळशी. मलाही ती याच मापानं मोजते, आणि मी कुठल्या रांगेत बसते ते सांगायला नको.

मी त्याच फार्मच्या ऑफिसात कारकून. जन्मनोंदीचं रजिस्टर माझ्याकडे. आमची पद्धत अशी की जे उभं राहील त्याचंच नाव रजिस्टरात चढायचं. जे उठलंच नाही, ते कागदावर जन्मलंच नाही. पद्धत मालकांच्या वडिलांपासूनची. मला ती कधी खटकली नाही. खरं सांगायचं तर मेलेल्यांबद्दल लिहावं लागत नाही म्हणून मला बरंच वाटायचं, आणि याची आज लाज वाटते.

टिकली नावाची एक घोडी होती. तिची आई गेली तेव्हा आत्यानं तिला बाटलीनं दूध पाजून वाढवली होती. तिची लागोपाठ तीन शिंगरं गेली. शिंगरं दिसायला देखणी, पण मान मागे ताठ, पडल्या पडल्या पाय हवेत मारत राहायची. उठायची धडपड करून करून तिसऱ्या दिवशी संपायची. तिसरं गेलं तेव्हा मालक म्हणाले, "घोडीतच खोट आहे." महिनाअखेरीला तिला गाडीला जुंपण्यासाठी न्यायला ट्रक येणार, असं ठरलं. बापाचं नाव कुणी काढलं नाही. बाप म्हणजे सरकार, फार्मचा पैदाशीचा घोडा. ऑफिसात मालकांच्या खुर्चीमागे त्याचा फोटो मालकांच्या स्वतःच्या फोटोपेक्षा मोठा.

आत्या दोन दिवस चाऱ्याच्या खोलीतच बसून होती. तिसऱ्या दिवशी तिनं मला आत बोलावलं आणि दार आतून लावून घेतलं.

"वाच," ती म्हणाली.

"काय वाचू? मिनिटंच तर आहेत."

"मिनिटं नाहीत तिथलं वाच."

न उठलेल्या शिंगरासमोर ती नुसती आडवी रेघ ओढायची. चार वर्षांत नऊ रेघा. नऊंचाही बाप सरकार. मग तिनं मला त्या शिंगरांच्या आयांचे आजोबा शोधायला लावले, ते मात्र माझ्या रजिस्टरात होते. सगळ्या घोड्या सरकारच्याच बापाच्या नाती. बाहेरून आणलेल्या घोड्यांना सरकारपासून झालेलं एकूणएक शिंगरू तासाभरात उभं.

"म्हणजे सगळ्या त्याच्या पुतण्या नि भाच्या," मी म्हटलं.

"आता कळलं? आणि तू म्हणे शिकलेली."

जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी आमचं ऐकून घेतलं आणि सांगितलं की अशा आनुवंशिक बिघाडाची केसांवरून तपासणी होते. आत्यानं सरकारच्या ब्रशातले केस गोळा केले, टिकलीचेही केले, आणि पाकिटं पाठवली. पंधरा दिवसांनी उत्तर आलं: केसांना मुळं नाहीत, तपासता येत नाही. गळलेले केस चालत नाहीत, उपटलेले लागतात, हे आम्हा दोघींना ठाऊक नव्हतं. ट्रकला आता बाराच दिवस उरले. आत्यानं त्याच दुपारी टिकलीच्या आणि सरकारच्या शेपटीचे वीस-वीस केस मुळासकट उपटून पाठवले. सरकारनं लाथ मारून बादली चेपली. आत्या म्हणाली, बादलीच ना, मरू दे.

ट्रकच्या आदल्या दिवशी कागद आला. दोघांतही तोच बिघाड, प्रत्येकी एक प्रत. एकच असेल तर घोडं जन्मभर ठणठणीत. आईकडून एक आणि बापाकडून एक असे दोन्ही आले की शिंगरू उठत नाही.

आत्या मालकांना चाऱ्याच्या खोलीत घेऊन गेली. त्यांनी दार वाचलं, कागद वाचला आणि त्यांचा चेहरा उतरला.

"सरकारमध्ये खोट?" ते म्हणाले.

"खोट कुणाचीच नाही, मालक. तोही घेऊन जन्मला, हीसुद्धा. दोघांची गाठ आपण घातली." मग आत्या म्हणाली, "हिला बाहेरचा, तपासलेला घोडा दाखवा. शिंगरू नाही उठलं तर ट्रकमध्ये तिच्याबरोबर मलाही बसवा."

आत्याला फार्मवर तीस वर्षं झाली होती. तिनं ते सहज बोलून टाकलं. मालकांनी ट्रक परत पाठवला. दुसऱ्या दिवशी मला म्हणाले, त्या नऊ जणांची नोंद घाल, आणि यापुढे एकही गाळू नकोस.

त्यानंतरचे अकरा महिने आत्या कुणाचंही काही ऐकून घेण्याच्या मनःस्थितीत नव्हती. घोड्या बहुधा अंधारात वितात, टिकली मात्र भर सकाळी दहाला व्याली. शिंगरू ओलं, लांबच लांब पायांचं, पेंढ्यात पडलेलं. वीस मिनिटं गेली. त्यानं मान उचलली, मान सरळ होती. पुढचे पाय रोवले आणि तोंडावर आपटलं. पुन्हा रोवले, पुन्हा आपटलं. आत्याचा हात माझ्या मनगटावर होता आणि तिला कळतही नव्हतं की ती किती जोरात दाबतेय. एकतीस, बत्तीस. चौतिसाव्या मिनिटाला ते चारही पायांवर उभं राहिलं, डगमगलं आणि आईकडे चालत गेलं. मी मोठ्यानं रडले. आत्याही रडत होती, आणि रडता रडता मला म्हणत होती, "गप्प बस, घोडी बिथरेल."

मालक केव्हापासून दाराबाहेर उभे होते. "आत येऊ का?" त्यांनी विचारलं. आपल्याच तबेल्यात त्यांना परवानगी मागताना मी पहिल्यांदाच पाहिलं.

"या. हळू बोला."

त्यांनी डोक्यावरची हॅट काढली. शिंगरू चुटूचुटू पीत होतं. ते टिकलीसमोर उभे राहिले आणि खाली बघत म्हणाले, "चुकलं माझं."

टिकलीनं कान मागे पाडले.

"तिला अजून पटलेलं नाही," आत्या म्हणाली. "उद्या परत या."