चाकाखालचा गोटा

माझा नवरा तिलक डॅशबोर्डखाली डोकं घालून उताणा पडला होता, आणि मी मोबाइलवरचा व्हिडिओ थांबवून थांबवून त्याले तारांचे रंग सांगून राहिली होती. तो गाडीत जी डबी बसवून राहिला होता, तिले टर्बो टायमर म्हणतात. चावी काढल्यावरही इंजिन थोडा वेळ चालू ठेवते, इंजिनले जोर देणारा टर्बो तापला असते, त्याले थंड होऊ देते.

अर्जुनीकडच्या आमच्या गावात कोणाचं लग्न असो की बाळंतपण, आमचीच डिझेल गाडी जाते. दिराने एकदा देवरीहून दामटत आणली, आल्याबरोबर बंद केली, अन् टर्बो गेला. तेव्हापासून मामाजींचा, म्हणजे सासऱ्यांचा, हुकूम: "तिलकशिवाय कोनी चावीले हात लावाचा नाही. त्याले धीर हाय." कसला धीर! घरी आलं तरी माणूस गाडीतच बसून राहते, इंजिन थंड व्हायची वाट पाहत. मलेही गाडी येते, तिलकनेच तळ्याच्या पाळीवर शिकवली. पण विचारते कोण? त्याले रायपूरची नोकरी लागली, तर मामाजी म्हणाले, "मंग गाडी कोन चालवंल?"

म्हणून ही डबी. ती बसली की गाडी कोणीही चालवावी, अन् आम्ही दोघं रायपूरले. तिथं चहा मांडायलाही कोणाले विचारावं लागणार नाही. मले बाकी काही नको होतं.

तारा जोडल्या. चावी काढली, तर इंजिन गपकन बंद. पुन्हा केलं, पुन्हा तेच.

"काऊन होऊन राहिलं असं? गेलं रायपूर चुलीत!" तिलक खेकसला.

मी व्हिडिओ मागे नेला. एक तार हँडब्रेकची होती. ब्रेक ओढला नसला की डबी काम करत नाही. आता आमच्याकडे ब्रेक ओढते कोण? चाकाखाली गोटा लावला की झालं! मी हसत हसत आत वाकली अन् ब्रेक ओढला.

या वेळी चावी काढली तरी इंजिन चालूच. मग आपोआप थांबलं. मी तर टाळ्याच वाजवल्या.

मामाजी ओसरीवरून पाहून राहिले होते. खाली आले, तिलकच्या हातातून चावी घेतली. "जमलं बाप्पा! जा आता रायपूरले."

माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. "मी बॅग भरतो मंग," मी म्हटलं.

"तू कायले? तुले गाडी येते ना?" त्यांनी चावी माझ्या हातात ठेवली. "उद्या शेजारच्या निर्मलाबाईले दवाखान्यात न्याचं हाय. लवकर उठजो."

तिलक काहीतरी बोलेल म्हणून मी त्याच्याकडे पाहिलं. तो वाकून चाकाखालचा गोटा काढून राहिला होता.

"ब्रेक ओढत जाजो बरं," तो म्हणाला.