मास्तरांचा दुसरा ग्लास

टेलरमास्तर एकोणसत्तरीचे, पण टेबल टेनिसची बॅट हातात आली की पायांत स्प्रिंगा बसवल्यासारखे नाचायचे. पासष्टीपुढच्या जोड्यांची स्पर्धा होती. जोडीला त्यांच्याच वयाची बायको; तिची उभी हयात औषधांच्या दुकानात गेलेली. सकाळी दोघांनी उपांत्य सामना मारला आणि मास्तरांना आभाळ ठेंगणं झालं. फायनल चारला, दातांचे डॉक्टर आणि त्यांच्या बायकोशी.

जेवताना डॉक्टरांनी बिअर मागवली. मास्तरांनी दोन ग्लास रिचवले. बायकोनं डोळे वटारले.

"अगं, चाळीस वर्षं दोनच पितोय. कधी पाऊल वाकडं पडलंय?"

साडेतीनला सरावाला उभे राहिले, तर चेंडू निघून गेल्यावर बॅट पोचायला लागली. एकदा वळताना तोल गेला आणि कंबर टेबलाच्या कडेवर आदळली. मास्तरांचं तोंड एवढंसं झालं.

बायकोनं त्यांना बाकावर बसवलं. "ग्लास तेवढाच आहे हो, शरीर तेच राहिलं नाही. वय वाढलं की अंगातलं पाणी कमी होतं, मग तेवढीच दारू जास्त चढते. यकृतही सावकाश चालतं. त्यात तुमची रक्तदाबाची गोळी."

"कडक कॉफी घेतो."

"कॉफीनं झोप उडेल, दारू उतरायची नाही. तिला वेळच द्यावा लागतो."

मास्तर उठले आणि पंचांसमोर उभे राहिले. "जेवताना प्यालोय. आज खेळलो तर पडेन."

मागून डॉक्टर पुढे सरकले. "बरं झालं तुम्हीच बोललात. माझेही पाय कापसाचे झालेत."

पंचांना हसू आवरेना. सामना दुसऱ्या दिवशी नऊला ठरला.

सकाळी हॉल गच्च भरला होता. पाचव्या, शेवटच्या डावात दहा-दहा गुण झाले, मग मास्तरांची जोडी एकानं पुढे; आणखी एक गुण मिळाला की सामना त्यांचा. डॉक्टरांनी जीव खाऊन फटका मारला. मास्तर चार पावलं मागे सरकले, गुडघे वाकवले आणि चेंडू अलगद कापून परतवला. डॉक्टरांच्या बायकोनं तो कसाबसा ढकलला, आणि मास्तरांच्या बायकोनं कोपऱ्यात असा ठेवला की डॉक्टर नुसतेच हात पसरून राहिले.

हॉल दणाणला. मास्तरांनी भर हॉलमध्ये बायकोचा हात धरून उंच केला.

"ऐकलंस का, पुढच्या वर्षी आपण सत्तरीच्या गटात. तिथं सगळ्यात तरुण आपणच."

"आधी बसा," ती धापा टाकत म्हणाली, "मला दम लागलाय."