श्रीपती आबांची पाच स्टेशनं

श्रीपती आबा आमच्या वर्गात पहिल्यांदा आले ते भांडायला.

"बाई, तीस वर्सं लोकलवर गार्ड व्हतो, पर असला गोंगाट न्हाई ऐकला! दुपारची झोप तरी लागू द्या की!"

लोणावळ्यात आमचा संगीतोपचाराचा वर्ग आहे. बोलणं, मिसळणं, एका जागी बसणं ज्या मुलांना जड जातं, त्यांना सुरातालाच्या वाटेने जरा मोकळं करायचं. मी माधवी, तिथली बाई. खोलीला कोपरे चारच, पण मी कपाटामागे पाचवा काढला होता. ढोलकीचा, घुंगरांचा, पाण्याच्या वाट्यांचा, गाण्याचा, आणि दमलेल्यासाठी गोधडीचा. दर सात मिनिटांनी मी पेटीवर एक गोड सूर धरायचा आणि मुलांनी कोपरा बदलायचा. वहीत हे फार सुंदर दिसायचं. प्रत्यक्षात सूर धरला की सगळी ढोलकीवर तुटून पडायची. आबा दारात उभे होते तेव्हा सत्यम ढोलकीवर चढून बसला होता आणि अपेक्षा त्याला पायाला धरून ओढत होती.

आबा भांडण विसरले. "सिग्नलच न्हाई, तर गाड्या आपटनारच," म्हणाले आणि निघून गेले.

दुसऱ्या दिवशी इस्त्रीचा पांढरा शर्ट, गळ्यात शिट्टी आणि हातात दोन झेंडे घेऊन हजर. कोपऱ्यांवर त्यांनी खडूने नावं लिहिली: घोरावाडी, वडगाव, कामशेत, मळवली, लोणावळा. "पेटी ठेवा बाजूला. पेटीनं गाडी सुटत न्हाई."

मला राग आला. मी पुण्याला दोन वर्षं शिकून आलेली, आणि हे मला शिकवणार! तेवढ्यात शिट्टी वाजली, हिरवा झेंडा हलला, आणि मुलं झुकझुक करत शहाण्यासारखी पुढच्या स्टेशनावर गेली. मी तोंडात बोट घातलं आणि पेटी कपाटात.

त्यांची एकच चूक झाली. लोणावळा आलं म्हणून त्यांनी चिक्कीचा तुकडा वाटला. तिसऱ्या दिवसापासून लोणावळ्याहून कोणी हलायलाच तयार होईना. मग नियम निघाला: चिक्की मिळेल, पण गाडी सुटल्यावर. बाकी आबांची शिस्त कडक. झेंडा दाखवून झाला की लगेच काठीला घट्ट गुंडाळायचा. उघडा झेंडा म्हणजे त्यांच्या लेखी गुन्हाच.

फक्त एक मूल कुठल्याच स्टेशनावर गेलं नाही. करिष्मा. लोहगडाखालच्या एका वाडीवरची, सात वर्षांची. तोंडातून शब्द सोडाच, हूं की चूं नाही. आजी, चिमाबाई, तिला घेऊन यायच्या आणि ओट्यावर बसून राहायच्या. जूनपासून करिष्मा दाराशी, आबांच्या स्टुलाला टेकून बसली ती बसलीच. मी घुंगरं नेली, वाट्या नेल्या. तिने सगळं पायाने सरकवलं.

"ऱ्हाऊ द्या बाई," आबा म्हणायचे. "हाये ती गाडीत."

"कुठं आहे गाडीत?" मी फणकारायचे.

फेब्रुवारीत संस्थेचं पत्र आलं. जे मूल गटात भाग घेत नाही, त्याला पुण्याच्या दुसऱ्या केंद्रात पाठवायचं. शुक्रवारी संस्थेच्या रतनताई पाहायला येणार. मी चिमाबाईंना सांगितलं, तर त्या एवढंच म्हणाल्या, "पुन्याला रोज कोन न्हेनार? घरीच ऱ्हाईल मग."

शुक्रवारी नेमकी वीज गेली. रतनताई घामाघूम. त्यांची ओढणी पोपटी हिरवी, चांगली लांबरुंद. त्या खुर्चीवर बसल्या आणि ओढणीच्या टोकाने त्यांनी वारा घ्यायला सुरुवात केली.

हिरवा! मुलं निघाली. पोचतात न पोचतात तोच पुन्हा हिरवा. पुन्हा निघाली. आबांनी लाल झेंडा वर केला. इकडे लाल, तिकडे हिरवा! वाट्या लवंडल्या. ओंकार एकाच पायात घुंगरं बांधून लंगडी घालत कपाटामागून निघाला. सत्यम ओरडला, "डबल सिग्नल! डबल सिग्नल!" आणि सगळ्या गाड्या कामशेतला एकमेकींवर चढल्या. रतनताईंना वाटलं, कार्यक्रमच आहे. "अगंबाई, काय उत्साह!" म्हणत त्यांनी ओढणी आणखी जोरात हलवली. आबा शिट्टी फुंकायला गेले, तर हसूच फुटलं. मला हसावं की रडावं कळेना, म्हणून मी दोन्ही केलं.

तेवढ्यात करिष्मा उठली.

सरळ रतनताईंपुढे गेली. त्यांच्या हातातलं ओढणीचं टोक घेतलं, घट्ट गुंडाळलं, अगदी आबा झेंडा गुंडाळतात तसं, आणि त्यांच्या मांडीवर ठेवलं. मग तिने आबांच्या गळ्यातली शिट्टी काढली. ओंकारचा हात धरून त्याला वडगावला सोडलं, सत्यमला घोरावाडीला, अपेक्षाला मळवलीला. कोण कुठे असायला हवं, ते तिला एकूण एक पाठ होतं. मग हिरवा झेंडा उचलला आणि शिट्टी फुंकली. बारीक, थोडी थुंकी उडवत, पण फुंकली. गाड्या सुटल्या.

"ही कुठल्या कोपऱ्यात असते?" रतनताईंनी विचारलं.

मी तोंड उघडायच्या आत आबा म्हणाले, "कोपऱ्यात न्हाई, ताई. गार्ड कवा मधल्या स्टेशनाला उतरतो व्हय?"

आठ महिने मी गार्डला गाडीतून खाली ओढत होते! मला लाज वाटली आणि इतका आनंद झाला की मी घुंगरं उचलून स्वतःच वाजवली. रतनताईंनी कागदावरचा पुण्याचा रकाना खोडला.

ओट्यावरून चिमाबाई दारात आल्या. "आबा, आज शिट्टी बारीक वाजली. दम लागला का?"

"माजी न्हवं ती. तुमच्या नातीची."

चिमाबाईंनी आत पाहिलं. "तिच्या तोंडातनं आली?" त्यांनी दोनदा विचारलं. मग पदर डोळ्याला लावून म्हणाल्या, "वाजीव गं, परत वाजीव."

करिष्माने आजीकडे पाहिलं, भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं आणि लाल झेंडा दाखवला. सात मिनिटं व्हायची होती. चिमाबाई तिथेच उभ्या राहिल्या, सातच्या सात मिनिटं.