आईची व्हॅन आणि माझं पत्रक

आईच्या स्कूल व्हॅनला टँकरने ठोकलं तेव्हा आत एकही मूल नव्हतं. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचे दोन महिने ज्याला ज्याला मी ही गोष्ट सांगितली त्याने पहिला प्रश्न तोच विचारला, आणि उत्तर मिळाल्यावर त्याचा सगळा रस संपला. ‘मग ठीक आहे ना,’ लोक म्हणायचे. काहीही ठीक नव्हतं. घर त्या व्हॅनवर चालत होतं.

आई नऊ वर्षं चारकोपच्या सेक्टरांमधून मुलं शाळेत नेत-आणत होती. बाबांची कंपनी बंद पडली तेव्हा तिने वयाच्या अडतिसाव्या वर्षी गाडी शिकून घेतली. सकाळच्या शाळेची सात मुलं, दुपारच्या शाळेची सात. त्या दिवशी दुपारची शेवटची मुलगी सोडून ती कोपऱ्यावर वळली आणि पाण्याचा टँकर उलट्या बाजूने आला. व्हॅनचं डावं नाक आत गेलं. आईच्या खांद्याला मुका मार बसला.

पोलीस यायच्या आधी टँकरमालकाचा माणूस बाईकवरून हजर. ‘वहिनी, गाडी आमच्या मेकॅनिककडे टाका, आठ दिवसांत नवी करून देतो. तक्रार कशाला?’ आईने मला फोन केला. मी अंधेरीला ऑफिसात होते.

‘मांडवली करायची नाही,’ मी म्हणाले. ‘तक्रार नोंदव.’

‘अगो, तो करून देतो म्हणतोय.’

‘चूक त्याची आहे ना? मग त्याच्या मेहेरबानीवर कशाला?’

मी हे इतक्या सहज बोलले कारण आमच्या घरात असंच बोलतात. बाबा युनियनचे. पत्रकं तेच लिहायचे, तेच छापून आणायचे, तेच गेटवर वाटायचे. मी अक्षरं पत्रकांवरून शिकले. ‘कामगार बंधू-भगिनींनो’ मला बडबडगीतांच्या आधी पाठ होतं. सोसायटीत पाणी कमी आलं, लिफ्ट बंद पडली, वॉचमनला दिवाळीचा बोनस मिळाला नाही, की आमच्याकडे कागद निघायचा. आई त्या कागदांवर भाज्या निवडायची. तिचा विरोध नव्हता. तिला वेळ नव्हता.

तक्रार नोंदवली. व्हॅन अकरा दिवस चौकीसमोर उभी राहिली, कारण तपासणीचा माणूस आल्याशिवाय ती हलवता येत नव्हती. आई रोज जाऊन बघून यायची. तोवर पालकांनी दुसऱ्या व्हॅनवाल्याशी बोलणी केली. ‘तात्पुरतंच हो ताई,’ असं प्रत्येकजण म्हणाला.

मग गाडी इंडस्ट्रियल इस्टेटमधल्या आमच्या नेहमीच्या गॅरेजात आली. गॅरेजवाला साठीचा, आईला ताई म्हणणारा. पाठीवर झोपून तो गाडीखाली गेला, बराच वेळ टॉर्च फिरवत राहिला आणि बाहेर येऊन हात पुसत म्हणाला, ‘चेसिस डाव्या बाजूने आत गेलीय. ओढून सरळ करू. बाहेरून कळणारही नाही.’

‘आणि आतून?’ मी विचारलं.

‘आतून ती मला थोडीच सांगणार आहे?’ तो हसला. मग हसू आवरून म्हणाला, ‘हे बघ, गाडीचं हाड आहे ते. एकदा वाकलं की पहिल्यासारखं होत नाही. पण चालते गाडी. अशा किती चालतायत रस्त्यावर.’

आईने ‘चालते’ ऐकलं. मी ‘पहिल्यासारखं होत नाही’ ऐकलं. तिथपासून आमचं भांडण सुरू झालं. तिला दुरुस्ती हवी होती, कारण दुरुस्ती म्हणजे तीन आठवडे आणि नवी गाडी म्हणजे कर्ज. मला ती गाडी भंगारात हवी होती. विमा कंपनीने गाडी पूर्ण निकामी ठरवली असती तर नव्या गाडीला आधार झाला असता, आणि ते मिळवणं माझ्या मते फक्त जोर लावण्याचं काम होतं.

कंपनीचा सर्व्हेअर आला. तरुण, इस्त्रीचा शर्ट, हातात टॅब. त्याने चारी बाजूंनी फोटो काढले. गुडघा काही टेकवला नाही.

‘मॅडम, रिपेअर होण्यासारखी आहे.’

‘खाली वाकून बघा तरी.’

‘फोटोत दिसतंय सगळं.’

‘तुमचं मूल बसवाल तुम्ही हिच्यात?’

‘मला मूल नाही, मॅडम,’ तो शांतपणे म्हणाला. लग्न झालं नव्हतं बिचाऱ्याचं. आईने मला मागून चिमटा काढला.

त्याच संध्याकाळी मी पत्रक लिहिलं. कल्पना अशी, की पालकांच्या सह्या घ्यायच्या, त्या विमा कंपनीला पाठवायच्या, म्हणजे त्यांना गाडी निकामी ठरवावी लागेल. टँकरवाल्यांची दादागिरी, कागदावर गाडी बघणारी कंपनी, गप्प बसणारी यंत्रणा, सगळ्यांना त्यात जागा होती. शेवटी लिहिलं: ‘चेसिस वाकलेली गाडी दुरुस्तीच्या नावाखाली पुन्हा मुलांना घेऊन रस्त्यावर आणणं हा त्यांच्या जिवाशी खेळ आहे, आणि तो आम्ही चालू देणार नाही.’

बाबांनी पेन्सिल घेऊन वाचलं. एक ‘तसेच’ खोडलं, दोन वाक्यं जोडली. ‘शेवट जोरदार झालाय,’ म्हणाले.

आई कणीक मळत होती. ‘काय लिहिलंयस?’

‘कंपनीवर दबाव येईल असं.’

‘बरं,’ ती म्हणाली.

झेरॉक्सच्या साठ प्रती काढल्या. मी स्वतः दारोदार गेले. पालकांनी चहा दिला, पाठ थोपटली, अकरा जणांनी सह्या केल्या. एक आजोबा म्हणाले, अशी मुलगी हवी. मी त्या रात्री फार खुशीत झोपले, हे लिहायला आज लाज वाटते.

कंपनीचं उत्तर दोन ओळींचं आलं. पाहणीनुसार वाहन दुरुस्तीयोग्य असून दुरुस्तीचा खर्च मंजूर करण्यात येत आहे. सह्यांचा उल्लेखही नव्हता. मी परत पत्र पाठवलं, परत त्याच दोन ओळी. तिसऱ्या खेपेला आई म्हणाली, पुरे, मी गाडी करून घेते. माझ्याकडे दुसरा मार्ग नव्हता. रागाने मी चार दिवस गॅरेजकडे फिरकलेच नाही.

व्हॅन परत आली ती पिवळीधमक होऊन. खरंच कळत नव्हतं. आईने नारळ फोडला, चाकांना हळदकुंकू लावलं, आणि रविवारी दुपारी पालकांना फोन लावायला बसली. उद्यापासून येते, म्हणून.

पहिल्या बाई म्हणाल्या, ‘ताई, तुमच्याबद्दल काही नाही हो. पण तुमच्याच मुलीने लिहून दिलंय ना आम्हाला.’

दुसऱ्यांनी मुलाची शाळेची वेळ बदलल्याचं सांगितलं. तिसऱ्याने फोन उचलला नाही. थोड्या वेळाने व्हॉट्सअॅपवर माझ्या पत्रकाचा फोटो पाठवला, शेवटचं वाक्य लाल रेघेने गोल केलेलं. खाली हात जोडलेले. जुळ्या मुलांची आई तेवढी तयार झाली होती, तिला सकाळी लवकर कामावर जावं लागायचं. दहा मिनिटांनी तिच्या नवऱ्याचा फोन आला.

चौदापैकी एकही नाही.

आईने फोन उलटा ठेवला. बाहेर ती मुंबईचं बोलते, पण रागावली की तिचं माहेर बोलायला लागतं.

‘साठ घरांत वाटलंस. माका वाचून दाखवूक नायस.’

‘आई, त्यात खोटं काय आहे सांग ना.’

‘खोटा असता तर बरा झाला असता. सांगितला असता, पोरगी आसा, काय पण लिवता. आता काय सांगू?’

मी बाबांकडे वळले. ‘तुम्ही वाचलं होतंत.’

बाबांनी चष्मा काढला. ‘मी वाक्यं बघितली,’ ते म्हणाले.

मला सगळ्यांचाच संताप आला होता. उलट्या बाजूने येणाऱ्या टँकरचा, दोन ओळींचा, ज्या पालकांनी सह्या करून पाठ थोपटली आणि तोच कागद आईच्या तोंडावर धरला त्यांचा. सगळ्यात जास्त बाबांचा आणि माझा. आम्ही दोघांनी कागद वाचून एकमेकांना शाबासकी दिली होती आणि ज्या बाईची गाडी होती ती तीन हातांवर कणीक मळत होती. पण हे कबूल करायचं म्हणजे लिहिलेलं मागे घ्यायचं, आणि ते मागे घेण्यासारखं तर नव्हतंच.

मंगळवारी दुपारी आई म्हणाली, ‘चल, बस.’ मी पुढे बसायला गेले. ‘मागे. पोरांच्या बाकावर.’

गुडघे पोटाशी घेऊन बसले. तिने सेक्टरांच्या मागचा लांब सरळ रस्ता धरला. दुपारची वेळ, वर्दळ नव्हती. रस्ता मोकळा दिसल्यावर तिने स्टिअरिंगवरचे हात उचलून मांडीवर ठेवले. व्हॅन थोडा वेळ सरळ गेली आणि मग हळूहळू डावीकडे, कडेला उभ्या टेम्पोंच्या रांगेकडे सरकायला लागली. आईने ती ओढून परत आणली. पुन्हा हात सोडले. पुन्हा डावीकडे. तिसऱ्यांदा मी समोरच्या सीटची पाठ घट्ट धरली.

‘कधीपासून?’

‘गॅरेजातून काढली तेव्हापासून. दोनदा अलाइनमेंट केली त्याने. थोडी कमी झाली.’

‘आणि सोमवारी तू मुलं घेणार होतीस?’

तिने गाडी बाजूला घेतली. मग पुढे बघतच म्हणाली, ‘घट्ट धरून चालवली असती.’

म्हणजे मी जिंकले होते. इतकं निरुपयोगी जिंकणं मी आयुष्यात पाहिलेलं नाही.

गाडी विकायचं ठरलं. गॅरेजवाल्याच्या ओळखीतून भांडुपचं एक जोडपं बघायला आलं. नवरा आधी कुणाच्या तरी गाडीवर ड्रायव्हर होता, आता स्वतःची स्कूल व्हॅन काढायची होती. बायको मुलांना चढवणार-उतरवणार होती. ती आत जाऊन बाकावर बसली, पट्टे ओढून बघितले, मुलांच्या डब्यांची पिशवी कुठे अडकवायची ते नवऱ्याला दाखवायला लागली. दोघांना गाडी आवडली होती. आमच्या सोसायटीच्या आवारात उभं राहून ती दोघं त्यांच्या पुढच्या वर्षांची आखणी करत होती.

‘पुढून थोडी लागली होती म्हणे,’ नवरा म्हणाला. ‘अजून काही सांगण्यासारखं, वहिनी?’

आईने माझ्याकडे बोट केलं. ‘हिला विचारा. ही लिहिते.’

टोमणा होता, आणि मला तो लागायला हवा होता. पत्रकात माझी वाक्यं धावत येतात. त्या क्षणी माझ्या डोळ्यांसमोर फक्त एवढंच आलं, की ही दोघं हो म्हणाली तर आईला नवी गाडी घेता येईल आणि मी केलेलं नुकसान भरून निघेल.

‘गाडी खूप जपून वापरलेली आहे,’ मी म्हणाले.

हे खरं होतं. मी ते मुद्दाम निवडलं होतं, कारण ते खरं होतं.

आईने माझ्याकडे पाहिलं. मग ती त्या माणसाला म्हणाली, ‘चेसिस वाकली होती. ओढून सरळ केलीय. डावीकडे ओढते, हात ढिले सोडलेत तर.’

बायको बाकावरून उठली. नवरा आईकडे वळला. ‘मग भांडुपवरून कशाला बोलावलंत?’

‘चहा ठेवलाय,’ आई म्हणाली.

‘चहा नको आता.’ रिक्षात बसेपर्यंत त्याची बडबड ऐकू येत होती. गॅरेजवाल्याच्या नावाने, आमच्या नावाने.

माझ्या तोंडून जे निघालं होतं त्याला काय म्हणतात ते मला माहीत होतं. दुसऱ्यांच्या अशा वाक्यांवर मी पानंच्या पानं लिहिली आहेत.

दुसऱ्या दिवशी तिने गॅरेजवाल्याला सांगितलं, गाडी तोडायला काढ.

‘ताई, अख्खी विका की. खूप फरक पडतो पैशांत.’

‘अख्खी नाही.’

‘मी गिऱ्हाईक आणतो ना. तुम्ही समोर येऊच नका.’

‘अख्खी नाही म्हटलं ना तुला.’

हल्ली ती बोरिवलीला एका शाळेच्या बसवर नोकरीला आहे. गाडी चालवत नाही, दरवाज्यात उभी असते. बस चालवायला मोठ्या गाडीचं लायसन्स लागतं, ते तिच्याकडे नाही. नव्या व्हॅनसाठी दोन ठिकाणी अर्ज केलाय. टँकर त्याच कोपऱ्यावर अजून उलट्या बाजूने येतो, आमची तक्रार ‘तपासावर’ आहे, आणि त्यावर लिहिलेलं एक नवं पत्रक माझ्या टेबलावर पडून आहे. ते मी अजून छापायला दिलेलं नाही.

गाडी तोडली त्या दिवशी मी सुट्टी टाकून आईबरोबर गेले. आधी इंजिन निघालं, मग दारं, काचा, मुलांचे बाक. आईने एकाही वस्तूला हात लावला नाही. मी निघूया म्हणाले, ती थांबली. तिला भीती होती ती चेसिसची, की कुणीतरी ती तशीच उचलेल, रंग मारेल आणि दुसऱ्या गाडीखाली घालेल. गॅस कटरवाल्याने दोन तुकडे केले आणि चष्मा कपाळावर सरकवून विचारलं, ‘झालं ना, मावशी?’

आई पुढे झाली, वाकून बघितलं.

‘अजून एक,’ ती म्हणाली.