डाव्या हातात काय ठिवू?

बैठकीत कोणी नव्या योजनेचं गुणगान सुरू केलं, की आबा दोन्ही तळहात उताणे करून छातीसमोर धरायचे. कोणीतरी आता त्यांत दाणे ओतणार आहे, असे. बोलणाऱ्याचं संपेपर्यंत हूं की चूं नाही. मग उजवा हात जड झाल्यासारखा जरा खाली न्यायचे आणि विचारायचे, "ह्यात ठिवलं. आता डाव्या हातात काय ठिवू?"

तुमच्याही पाहण्यात असा एखादा माणूस असेल. प्रत्येक बैठकीत एक असतोच, आणि तो उठला की घड्याळाकडे बघावंसं वाटतं. मला तर सुरुवातीला आबा दिसले तरी कपाळावर आठी पडायची.

मी तेव्हा इंदापूर तालुक्यात, कळसच्या बाजूला, कालव्याखालच्या एका गावात कृषी सहायक होते. बारामतीहून स्कूटीवर यायचं, तोंडाला ओढणी गुंडाळून, आणि पोचेपर्यंत डोकं तापलेलं. मुळात मी काही शांत बाई नाही. पहिल्याच बैठकीत ठिबकाचं सांगून घसा कोरडा केला. पाणी वाचतं, खत वाचतं, खुरपणी कमी होते. आणि समोर हे दोन हात! मी म्हटलं, आबा, डाव्या हातात काहीच नाही, नुसता फायदा आहे.

"असं कसं, म्याडम? नुसता फायदा असता तर तुमाला हितवर यावं लागलं नसतं. आमीच तुमच्या दारात आलो असतो."

सगळे हसले. मला असला संताप आला की चहा न घेताच निघाले. पुढच्या खेपेला मात्र मीच फणकाऱ्यानं सांगून टाकलं, की उंदीर नळ्या कुरतडतात, क्षारानं भोकं बुजतात, कोणाला तरी बसून ती साफ करावी लागतात. आबांनी ते सगळं डाव्या हातात घेतलं, दोन्ही हात खालीवर करून पाहिले, आणि गावात सगळ्यांच्या आधी स्वतःच्या रानात ठिबक टाकलं. आता बोला!

तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं, की हा माणूस आडवा येणारा नाही. आडवं येणाऱ्यांचा तर त्यांना तिटकारा होता. मला म्हणायचे, "एक हात वर केला तर त्याला भांडान म्हनत्यात. दोन केलं तर इचार."

गावातली पोरं त्यांना मागून तराजू म्हणायची. ते त्यांना माहीत होतं आणि आतून आवडतही होतं. घरीसुद्धा तीच तऱ्हा. भाच्याच्या लग्नात डीजे लावायचा की नाही, यावर त्यांनी इतका वेळ हात धरून ठेवले, की भाच्यानं कंटाळून सनई-चौघडा सांगितला. त्यांच्या बायकोला सगळं गाव आक्का म्हणायचं. ती मला चहा देताना हळूच सांगायची, "साखर आधीच सांगा बाई, नायतर ह्यांचं हात वर व्हत्यात."

त्यांचा दुसरा एक प्रश्न होता, आणि तो पहिल्यापेक्षा अवघड. हात खाली घेतले की ते सगळ्यांकडे बघून विचारायचे, "हितं कोन आलेलं न्हाय?" एकदा एकाच्या शेततळ्याचं सगळं ठरत आलं होतं. आबांनी विचारलं, ते भरायचं कुठनं? तर विहिरीतनं. मग शेजारची विहीर ज्याची, तो का आला नाही? त्याला रानातून बोलावून आणेपर्यंत आम्ही सगळे जांभया देत बसलो. पण पुढे त्या दोन शेजाऱ्यांचं पाण्यावरून कधी वाजलं नाही, हे मला कबूल करायला हवं.

मग निचऱ्याचं काम आलं. कालव्याचं पाणी वर्षानुवर्षं उसाला पाजून वरच्या अंगाच्या रानांना मीठ फुटलं होतं. भर उन्हाळ्यात जमीन ओली आणि वर पांढरा थर. ऊस गुडघ्याएवढा होऊन पिवळा पडायचा. आबांचंही एक रान त्यातच होतं. उपाय असा, की जमिनीखाली भोकं पाडलेले पाइप टाकायचे आणि खारं पाणी ओढ्यात सोडून द्यायचं. मंजुरी आली होती, वरच्या रानांची माणसं आनंदात होती.

आबांचे हात वर झाले. आणि नेहमीचा प्रश्न आला, कोण आलेलं नाही? आली नव्हती ती खालची वस्ती. तिथली पिण्याची एकच विहीर, तीही ओढ्याच्या काठावर. खारं पाणी ओढ्यात वर सोडलं तर ते त्या विहिरीत मुरणार, यात शंका नव्हती. बैठकीत गलका झाला. वरची माणसं म्हणाली, मग आमची रानं मरू द्यायची का? आबा म्हणाले, पाइप विहिरीच्या पुढं, खालच्या अंगाला नेऊन सोडा. वाटेत माझी पेरूची बाग हाय, मधल्या झाडांच्या वळी काढा, माझं काय म्हननं न्हाय. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीसुद्धा वाजवल्या.

चार-दोन दिवसांनी आखणीला गेले तर आबांच्या घरात सुतकासारखी शांतता. आबा ओट्यावर, आक्का चुलीपाशी. ताट पुढे सरकवायची, पण तोंडातून शब्द नाही. ती बाग तिची होती. दुष्काळात टँकरच्या पाण्यातून हंडे राखून तिनं एकेक झाड जगवलं होतं, आणि कुठलं झाड कधी मान टाकून पुन्हा उभं राहिलं, ते तिला लेकरांच्या दुखण्यासारखं पाठ होतं.

मी चुलीपाशी बसले तेव्हा ती बोलली. "सगळ्या गावाला इचारत्यात, हितं कोन आलेलं न्हाय. मी तर ह्यांच्या घरातच व्हते की, बाई."

बाहेर येऊन मी ते जसंच्या तसं आबांना ऐकवलं, जरा चढ्या आवाजातच. ते आपल्या दोन्ही तळहातांकडे बघत बसले.

पुढच्या बैठकीत ते उठून उभे राहिले. "बाग तिची हाय. मी न इचारता देऊन बसलो. माझं चुकलं. आता ती न्हाय म्हनली, तर न्हाय." वरची माणसं चरफडली, एकदोघं तर त्यांना घालूनपाडून बोलली. आबांनी ऐकून घेतलं. काम तिथंच थांबलं.

आक्काची समजूत घालायला कोणी गेलं नाही. आबांनी जाऊच दिलं नाही. मग एक दिवस ती आपणहून खालच्या वस्तीवर गेली. एका घरी तांब्याभर पाणी मागितलं, उंबऱ्यावर बसून प्यायली आणि परत आली. मला म्हणाली, "ग्वाड हाय अजून पानी. खांदू द्या. पर ह्या बहाराचा पेरू उतरल्यावर. आन् मशीन येईल तवा ह्यांनी तितं उभं ऱ्हायचं."

ते राहिले. जेसीबीनं पहिलं झाड उपटलं तेव्हा मी त्यांच्या शेजारी होते. पिकल्या पेरूचा वास सगळीकडे पसरला, एखाददुसरं फळ राहून गेलेलं असतं ना, त्याचा. त्या दिवशी आबांचे हात दोन्ही बाजूंना नुसते लोंबत होते. आक्कानं ड्रायव्हरला चहा दिला, आबांनाही दिला, आणि साखर विचारली. मला फार बरं वाटलं.

वरची रानं हळूहळू सुधारली. विहीर गोड राहिली. माझी बदली झाली, तरी पेरूच्या दिवसांत आक्काची पिशवी बारामतीला यायची.

आबा आता नाहीत. मी त्यांना शेवटचं पाहिलं ते ग्रामसभेत. त्याआधी काही महिने त्यांना अर्धांगाचा झटका येऊन गेला होता. उजवी बाजू गेली, वाचाही गेली. मेंढरं चरायच्या गायरानावर सौरऊर्जेचा प्रकल्प येणार होता आणि तो समजावून सांगायला निघालेल्या, ओळखीच्या एका साहेबांनी मलाही सोबत नेलं होतं. बायका एका अंगाला बसल्या होत्या, पण आक्का पुरुषांत, आबांना खांद्यानं आधार देऊन. साहेब चांगले बोलले. दिवसा वीज मिळेल, रात्री पाणी द्यायला रानात जायला नको. लोक माना डोलवत होते.

साहेबांचं संपलं आणि आबांचा हात वर झाला. एकच. डावा.

साहेबांना काय कळणार? ते जरा घुश्शात म्हणाले, यांचा विरोध आहे का? आबांनी नाही नाही अशी मान हलवली, पुन्हा पुन्हा हलवली, पण शब्द फुटेना. डोळ्यांत पाणी आलं. उजवा हात मांडीवर तसाच पडून होता. उठून सांगावं असं वाटलं, पण मी उठायच्या आत आक्कानं तो हात मनगटाला धरून उचलला, उताणा केला आणि डाव्याच्या बरोबरीनं धरला.

"इरोध न्हाय, सायेब. ह्यांचा इचार चाललाय," ती म्हणाली. मग सगळ्या सभेवरून नजर फिरवून तिनं विचारलं, "मेंढरंवाली का आल्याली न्हाईत?"

एकजण त्यांना बोलवायला माळाकडे गेला. ती माणसं यायला बराच वेळ लागला. तोवर आक्का तो हात तसाच धरून बसली होती.